राउटर माझा, हवा सोसायटीची

ठाणं आणि डोंबिवली यांच्यात रुळांवरून जेमतेम चौदा-पंधरा किलोमीटर. टेलिफोनच्या नकाशावर मात्र ही दोन वेगळी राज्यं होती. ठाणं एमटीएनएलच्या मुंबईत मोडायचं, नंबर ०२२चा. डोंबिवली बीएसएनएलच्या कल्याण विभागात, नंबर ०२५१चा. २००५च्या सुमारास ब्रॉडबँड आलं तेही इकडे ‘ट्रायबँड’ आणि तिकडे ‘डेटावन’ अशा दोन नावांनी. आता ती हद्द कुणाच्या ध्यानातही नसते. दोन्हीकडे जिन्यातून, डक्टमधून, झाडांवरून लोंबत वेगवेगळ्या कंपन्यांच्या फायबरच्या वायरी येतात आणि घरोघरी एक डबा दिवे लुकलुकवत बसलेला असतो. मार्च २०२०मध्ये लोकल बंद पडल्या, तेव्हा कित्येक घरांचा रोजगार या डब्यावर येऊन पडला. तोवर नेट म्हणजे करमणूक होती.

या डब्याच्या पोटात ‘ॲडव्हान्स्ड’ नावाचं एक पान असतं. तिथे हात घालावा की नाही, यावरून दोन तट आहेत. खालचे दोघे मी कल्पिलेले आहेत. त्यांचा वाद मात्र दोन्ही गावांत रोज चालतो. आत्या कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, राहणार डोंबिवली पूर्व, टिळकनगरातल्या विटांच्या जुन्या चार मजली इमारतीत. भाचा घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. रविवारी जेवायला आला आणि पान उघडून बसला.

भाचा : आत्या, इथे एकदाही कुणी आलेलं दिसत नाही. सगळं कारखान्यातून आलं तसंच आहे.

आत्या : म्हणजे चांगलंच आहे की. चालतंय ना?

भाचा : कसलं चालतंय! परवा व्हिडिओ कॉलवर तू तोंड उघडं ठेवून अर्धा मिनिट थांबली होतीस.

आत्या : मी बोलत होते. तुझ्याकडे पोचत नव्हतं.

भाचा : तेच म्हणतोय. बघ, २.४ गिगाहर्ट्झला चॅनल ‘ऑटो’, रुंदी ‘ऑटो’, पॉवर ‘हाय’. हा ऑटो कुणाच्या घराचा विचार करून लिहिलाय? आजूबाजूला बाग असलेल्या बंगल्याचा. तुझ्या या हॉलमधून मला वीस-बावीस नेटवर्क दिसतायत.

आत्या : मग तू काय करणार? सगळं वाढवणार. रुंदी चाळीस, पॉवर शंभर टक्के. तुझ्या पिढीला सेटिंग म्हटलं की वर ढकलायची पट्टीच दिसते.

भाचा : रुंदी दुप्पट केली की वेग दुप्पट, हे तर गणित आहे.

आत्या : मोकळ्या माळावर. इथे नाही. २.४चा पट्टा सगळा मिळून ऐंशी-पंच्याऐंशी मेगाहर्ट्झचा. त्यात तेरा चॅनल कागदावर आहेत, पण ते पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर, आणि प्रत्येकाला जागा लागते वीस. एकमेकांच्या अंगावर न पडणारे असे तीनच उरतात, एक, सहा आणि अकरा. तू चाळीस घेतलेस की एकट्यानं अर्धा पट्टा अडवलास. शिवाय तीच ताकद दुप्पट रुंदीवर पसरली की प्रत्येक भागात निम्मी. गोंगाट मात्र दुप्पट गोळा होतो. आतल्या खोलीत रेंज कमी होते ती अशी.

भाचा : ठीक, वीस ठेवू. पण चॅनल तरी हातानं लावू दे. शेजारचे एक आणि सहावर बसलेत, मी तीन घेतो, दोघांच्या मधला.

आत्या : हीच चूक सगळे हुशार लोक करतात. एकाच चॅनलवरचे दोन राउटर एकमेकांचं बोलणं ओळखतात. एक बोलत असला की दुसरा थांबतो. तू तीनवर बसलास की तुझं बोलणं एकवाल्याला कळत नाही आणि सहावाल्यालाही कळत नाही. दोघांनाही ती नुसती खरखर. तुलाही त्यांची खरखरच. अर्धवट चुकवण्यापेक्षा सरळ एकाच चॅनलवर रांगेत राहिलेलं बरं.

भाचा : म्हणजे ऑटोच बरोबर, असं म्हणतेस?

आत्या : ऑटो निदान वाईट हेतूनं काही करत नाही.

भाचा : पण आंधळेपणानं करतो. तुझ्याकडे वीज जाते ना? जाते. परत आली की अख्ख्या इमारतीतले राउटर एका क्षणी उठतात. बरेचसे राउटर चॅनल निवडतात ते उठतानाच. सगळे एकदम कान लावतात, कुणीच अजून बोलत नसतं, म्हणून प्रत्येकाला सगळी हवा मोकळी वाटते. मग ज्याला जे सुचेल ते धरून दिवसभर तिथेच बसतात. हा कसला ऑटो?

आत्या : हं. हे मला पटलं.

आत्यानं इतक्या लवकर मान्य केलं याचं मलाही नवल वाटलं. पण मुद्दा तसाच आहे. ज्या गावांत वीज जाणं ही बातमी नाही, तिथे ‘उठताना निवड’ ही पद्धत मुळातच कच्ची. आत्याच्या राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस आहे, कल्याण-डोंबिवलीत असे बरेच दिसतात. त्यामुळे तिचा राउटर झोपतच नाही. शेजाऱ्यांचे झोपतात, उठतात आणि तिच्या डोक्यावर येऊन बसतात.

आत्या : आता पॉवर. ती ‘हाय’वरून खाली आण.

भाचा : खाली? लोक वर न्यायला धडपडतात! मी तर माझ्या राउटरमध्ये देश बदलून अमेरिका केलाय, जास्त पॉवर मिळते म्हणून.

आत्या : तो आधी भारतावर आण. नियम म्हणजे सजावट नव्हे. आणि फायदाही नाही. तुझा राउटर ओरडतो, ते फोनला ऐकू जातं, फोनवर दांड्या पूर्ण. पण उत्तर फोननं द्यायचं असतं. त्याची ताकद केवढी? त्याचा आवाज राउटरपर्यंत पोचतच नाही. मग तू म्हणतोस, ‘रेंज फुल आहे पण नेट चालत नाही.’ ताकद वाढवून फक्त एक गोष्ट नक्की होते, खालच्या जोश्यांच्या घरात तुझा आवाज जातो आणि त्यांचा राउटर तुझं बोलणं संपेपर्यंत थांबतो.

भाचा : ते त्यांची वाढवतील.

आत्या : वाढवतातच. पाण्याच्या लाइनला थेट मोटर लावण्यासारखं आहे हे. पहिल्यानं लावली तेव्हा त्याच्या नळाला जोर आला. मग सगळ्यांनी लावली. आता सगळ्यांचं विजेचं बिल वाढलंय आणि वरच्या मजल्यावर पाणी पूर्वीइतकंच.

भाचा : पण पाण्याला महापालिका आहे. हवेला कोण आहे? तक्रार कुणाकडे?

आत्या : कुणाकडेच नाही, आणि ते मुद्दामच आहे. २.४चा पट्टा २००५मध्ये विनापरवाना केला, ५ गिगाहर्ट्झचा बराच भाग २०१८मध्ये मोकळा केला. मुख्य अट अशी : दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर संरक्षण मागायचं नाही. परवाना नाही म्हणजे हक्कही नाही. तुला वाटतं राउटर तुझा म्हणून हवाही तुझी.

भाचा : बरं, मग ५ गिगाहर्ट्झवर जाऊ. तिथे जागा आहे. तिथे मी ऐंशी रुंदी लावली तर तुझी हरकत नसावी.

आत्या : तुझ्याकडे नाही, माझ्याकडे थोडी आहे. तुझ्या टॉवरच्या भिंती कसल्या?

भाचा : मायवान. सगळ्या काँक्रीटच्या, आतल्यासुद्धा. खिळा ठोकायचा तर ड्रिलवाला बोलवावा लागतो.

आत्या : म्हणून शेजाऱ्याचं ५ तुझ्याकडे फारसं येत नाही. पण तुझंही हॉलमधून बेडरूममध्ये जात नाही. माझ्या आतल्या भिंती चार इंची विटांच्या. माझं सगळीकडे जातं, आणि सगळ्यांचं माझ्याकडे येतं. एकच सेटिंग तुला ठाण्यात लाभेल, मला इथे बाधेल. ‘बेस्ट सेटिंग’ म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यांत भिंतीचा विषयच नसतो.

भाचा : ५मध्येही मधले चॅनल रिकामे असतात, बावन्नपासून पुढचे. मी ते घेतलेत.

आत्या : रिकामे का असतात, विचारलंस कधी? त्या भागात रडारं बोलतात. म्हणून तिथे जाण्याआधी बरेच राउटर साधारण मिनिटभर नुसते ऐकत बसतात, आणि रडारसारखं काही ऐकू आलं की चालू काम सोडून दुसरीकडे पळतात. अंधेरीजवळ वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड रडार २०२२पासून आहे. त्या जातीची हवामान रडारं ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात. तू बाविसाव्या मजल्यावर, मुंबईकडे तोंड करून.

भाचा : माझं नेट मधूनच मिनिटभर जातं ते...

आत्या : ते रडारमुळेच, असं मी म्हणत नाही. राउटरच्या नोंदीत बघ, लिहिलेलं असतं. बघितल्याशिवाय बोलायचं नाही, ही आमच्या खात्याची शिस्त. फॉल्ट आला की आधी लाइन टेस्ट, मग खांबावर माणूस.

भाचा : मग तुझा फॉल्ट टेस्ट करू. थांब, लॅपटॉपवर पिंग लावतो. वीस मिलिसेकंद. छान. आता तुझ्या फोनमधले फोटो क्लाउडवर चढवायला लावतो... बघ आता.

आत्या : चारशे. साडेचारशे. हे काय?

भाचा : हाच तो परवाचा उघडा जबडा. तुझा फोन रात्री-दिवसा केव्हाही फोटो चढवतो. अपलोड भरलं की कॉल अडकतो. इथे ना चॅनलचा दोष आहे, ना भिंतीचा. राउटरच्या पोटातली रांग लांब झाली आहे.

आत्या : रांग कशासाठी? जागा नसली तर परत पाठवायचं. आम्ही ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ असं सांगून मोकळे व्हायचो. माणूस थोड्या वेळानं पुन्हा फिरवायचा.

भाचा : तेच व्हायला हवं होतं. मेमरी स्वस्त झाली, तशी कंपन्यांनी डब्यांत मोठमोठी साठवण घातली. एकही पाकीट वाया जाऊ नये म्हणून. पण पाठवणाऱ्या संगणकाला गर्दी कळते ती पाकीट हरवल्यावरच. हरवतच नाही, म्हणून तो पाठवतच राहतो. रांग वाढते आणि तुझा आवाज फोटोंच्या मागे उभा राहतो. जिम गेटिस नावाच्या अमेरिकन अभियंत्याला २०१०मध्ये स्वतःच्या घरीच हे दिसलं. त्यानं या आजाराला ‘बफरब्लोट’ म्हटलं. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर ‘कोडेल’ ही पद्धत काढली : पाकिटं रांगेत किती वेळ उभी आहेत ते मोजायचं आणि वेळ वाढत चालला की काही टाकून द्यायची.

आत्या : जेकबसन म्हणजे इंटरनेट तुंबू नये म्हणून १९८८मध्ये गर्दी आवरायची पद्धत लिहिणारा?

भाचा : तोच. याला सेटिंग आहे. काही राउटरमध्ये ‘स्मार्ट क्यू’ किंवा ‘एसक्यूएम’ नावानं. त्यात तुझा वेग मिळतो त्यापेक्षा थोडा कमी लिहायचा, पंच्याऐंशी ते पंच्याण्णव टक्के. मग रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या ताब्यात लागते. तुझं अपलोड शंभरचं आहे, नव्वद लिहू.

आत्या : पैसे शंभरचे भरायचे आणि वापरायचे नव्वद?

भाचा : दहा सोडायचे आणि कॉल सुटसुटीत.

आत्या : मघाशी रुंदी कमी कर म्हटलं तेव्हा तू भांडलास, पॉवर कमी म्हटलं तेव्हा भांडलास. आणि तुझं सगळ्यात आवडतं सेटिंगही कमी करण्याचंच निघालं.

भाचा : हं. पण हे मी मोजून कमी करतोय.

आत्या : आणि मी काय मोजल्याशिवाय म्हणत होते?

इथे दोघंही थोडा वेळ गप्प झाली, म्हणून मधेच सांगतो. घरच्या राउटरमध्ये खरोखर उपयोगी पडणारी बहुतेक सेटिंगं स्वतःला आवर घालण्याची आहेत : अरुंद चॅनल, मंद आवाज, वेगाला लगाम. जाहिरात याच्या बरोबर उलट दिशेनं होते. डब्यावर छापलेला आकडा सगळ्या पट्ट्यांच्या कमाल वेगांची बेरीज असतो आणि तो वेग कुठल्याही एका फोनला कधीच मिळायचा नसतो. माझा कल इथे आत्याकडे आहे. मात्र ती ज्या निष्कर्षावर थांबते, म्हणजे हातच लावू नये, तो मला पटत नाही. आवर घालायलाही पान उघडावंच लागतं.

आत्या : बरं, लाव तुझा एसक्यूएम.

भाचा : ...सापडत नाहीये.

आत्या : नाहीच आहे तो. कंपनीनं दिलेला डबा आहे हा. यात ‘क्यूओएस’ म्हणून एक यादी आहे, कुणाला आधी सोडायचं याची. रांग आखूड करणारं काही नाही. आणि दुकानातून घेतलेल्या स्वस्त राउटरमध्ये असलं, तरी ते चालू केलं की प्रत्येक पाकीट मुख्य प्रोसेसरमधून जातं. एरवी त्यातलं बरंच काम वेगळी चिप परस्पर उरकते. तीनशेच्या प्लॅनला दीडशे मिळायला लागतात आणि मग माणूस केबलवाल्याला शिव्या घालतो.

भाचा : मग फोनमध्येच फोटो चढवण्याची वेळ रात्री दोनची करू.

आत्या : हे आधी नाही का सुचलं? ॲडव्हान्स्ड पान उघडायचीही गरज नव्हती.

भाचा : तुझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलानं गेमसाठी काय केलंय ते बघितलंस? मला स्क्रीनशॉट पाठवलाय. डब्ल्यूएमएम बंद, एमटीयू १४००, डीएनएस बदललेला.

आत्या : आणि वेग चोपन्नला अडकलाय, हो ना? आला होता माझ्याकडे. डब्ल्यूएमएम बंद केलं की २००९नंतरचं वायफायच चालत नाही, डबा जुन्या चोपन्नच्या चालीवर उतरतो. कुणीतरी व्हिडिओत सांगितलं, यानं केलं. एमटीयूचं म्हणशील तर पीपीपीओईच्या लाइनला आठ बाइट आवरणात जातात, म्हणून दीड हजारऐवजी १४९२. त्याखाली जायला काही कारण हवं. डीएनएस बदलला तर पत्ता शोधणं थोडं लवकर होईल, गाडीचा वेग बदलत नाही.

भाचा : तुझ्या दारावरच्या कॅमेऱ्यासाठी मी पोर्ट फॉरवर्डिंगही लावणार होतो. ठाण्यातून बघता येईल.

आत्या : लावून बघ. माझ्या राउटरला बाहेरचा पत्ता काय मिळालाय?

भाचा : १००.७२ पासून सुरू होणारा.

आत्या : म्हणजे तो बाहेरचा नाहीच. १००.६४ ते १००.१२७ हा तुकडा २०१२मध्ये कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलाय. एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवलेली असतात. तू घराचं दार उघडलंस तरी इमारतीचं फाटक कंपनीकडे बंद आहे. आणि या एका बाबतीत मला ते बंदच बरं वाटतं. २०१६च्या ‘मिराय’ या मालवेअरनं जगभरातले कॅमेरे आणि राउटर कसे पकडले? कारखान्यातले पासवर्ड लावून बघत. तू कॅमेऱ्याचा पासवर्ड बदललायस?

भाचा : ...बदलतो. यूपीएनपीही बंद करतो. डब्ल्यूपीएसही.

आत्या : ही तीन कामं केलीस तर जेवण वसूल.

भाचा : पण आत्या, तू इतकं सगळं जाणतेस, तरी पानाला हात का लावत नाहीस?

आत्या : कारण उद्या नेट गेलं की कंपनीचा मुलगा येणार. तो बारीक सुई घालून रीसेट करणार, दोन मिनिटांत निघून जाणार. किंवा तोही येणार नाही, कंपनी दुरूनच नवं सॉफ्टवेअर चढवणार आणि तुझी मेहनत पुसली जाणार. त्यानंतर नेट कसं चालतंय ते मला कळणार, पण आधी काय होतं ते कुणाच्याच आठवणीत नसणार. तू तर ठाण्यात. जे पुन्हा लावायला माणूस लागतो ते सेटिंग मी माझ्या घरात ठेवत नाही.

भाचा : मग तुझा स्वतःचा राउटर घे. कंपनीचा डबा नुसता फायबर उतरवण्यापुरता ठेव. सेटिंगची फाइल उतरवून ठेवता येते, रीसेट झालं तरी एका मिनिटात परत. ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं सॉफ्टवेअर टाकता येईल असा घेऊ. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जीचा कोड खुला झाला त्यातून वीस वर्षांपूर्वी निघालेलं आहे ते, अजून जिवंत आहे. त्यात तो रांग आखूड करणारा प्रकारही आहे.

आत्या : किती हजार?

भाचा : तीन-चार.

आत्या : त्याआधी ती टीव्हीला वायर ओढ. दिवसभर मालिका बघायला हवा कशाला वापरायची? टीव्ही राउटरपासून दोन हातांवर आहे. आणि राउटर त्या लोखंडी कपाटामागून काढून शोकेसवर ठेव.

भाचा : शोकेसवर वायर दिसेल, तूच म्हणाली होतीस.

आत्या : दिसू दे.

वायर ओढली, राउटर शोकेसवर आला, चॅनल अकरावर बांधला, पॉवर मध्यम झाली. बी मोड काढून टाकला, कारण १९९९च्या त्या चालीवर चालणारं एकही यंत्र आता घरात नाही आणि ती चालू ठेवली की राउटरच्या सेकंदाला दहादा होणाऱ्या हाका सगळ्यात संथ गतीनं निघत राहतात. आत्यानं काय होतं आणि काय केलं ते तारीख घालून वहीच्या कागदावर लिहिलं आणि डब्याच्या खाली चिकटवलं. पासवर्ड त्यावर लिहू दिला नाही.

भाचा : आता मुख्य काम राहिलं. सोसायटीच्या ग्रुपवर टाकू? पहिला मजला एक, दुसरा सहा, तिसरा अकरा, चौथा पुन्हा एक.

आत्या : टाक. चौथ्यावरचे म्हणतील, ‘आम्हाला एकच का?’

भाचा : त्यापेक्षा मी म्हणतो, ६ गिगाहर्ट्झची वाट बघू. ५९२५ ते ६४२५चा पट्टा घरात कमी पॉवरवर खुला करायचा मसुदा सरकारनं मे २०२५मध्ये काढला होता. पाचशे मेगाहर्ट्झ! तुझ्या २.४च्या सहापट.

आत्या : आणि भिंतीपुढे ५पेक्षाही लंगडा. तुझ्या मायवानमध्ये हॉलच्या बाहेर पडणार नाही.

भाचा : जोश्यांच्याही घरात जाणार नाही. म्हणूनच तर हवाय.